कुलपापलीकडचे बंद घर: कामोठ्यातील सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य,
सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था,
कामोठे, ता. पनवेल, जि. रायगड



शाळांच्या परीक्षा संपल्या की कामोठ्यातल्या इमारतींमधली घरे एकेक करून बंद होऊ लागतात. एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत सातारा, सांगली, कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्यांना कळंबोलीच्या थांब्यावर गर्दी असते आणि पनवेल स्थानकावर कोकणात उतरणाऱ्यांची. भाद्रपदात गणपतीसाठी पुन्हा घरे बंद होतात. गेल्या काही वर्षांत यात आणखी एक प्रवाह मिळाला आहे. निवृत्त आईवडील मुलांकडे पुण्याला, बंगळुरूला किंवा थेट अमेरिकेला जातात. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर साधारणपणे सहा महिने राहता येते, आणि एवढा खर्च करून गेलेली माणसे ते सहा महिने पूर्ण राहूनच परततात. काही जण उलट दिशेने विभागलेले आहेत: शेतीच्या हंगामात गावी आणि उरलेले महिने कामोठ्यात. म्हणजे ज्यांना हंगामी घर म्हणावे अशी घरे आपल्या प्रत्येक इमारतीत आहेत. ती विकलेली किंवा भाड्याने दिलेली नाहीत. ती कोणी कायमची सोडलेलीही नाहीत. फक्त दोन, चार, सहा महिने त्यांत कोणी नसते. जनगणनेलासुद्धा हा फरक मान्य आहे. २०११ च्या जनगणनेत ‘रिकामी घरे’ वेगळी मोजली आहेत आणि ‘राहती पण कुलूपबंद घरे’ वेगळी. हे पत्र या दुसऱ्या प्रकारच्या घरांविषयी आहे.

असे घर बंद करून जाणे ही त्या कुटुंबाची खासगी बाब आहे, असे आपण आजवर मानत आलो. त्यांनी कुलूप लावावे, शेजाऱ्याला सांगावे, वॉचमनच्या कानावर घालावे आणि निघावे. समितीचा संबंध मेंटेनन्स थकला तर, नाहीतर नाही. ही समजूत चुकीची आहे, आणि ती बदलण्याची जबाबदारी समित्यांनी घ्यावी, एवढेच मला या पत्रातून पटवून द्यायचे आहे. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या घराला ज्या गोष्टींपासून धोका असतो, त्यांतल्या बहुतेक गोष्टी दाराबाहेर पडून खालच्या, वरच्या आणि शेजारच्या घरात पोहोचतात. आणि ज्या एका धोक्याला आपण सर्वांत जास्त घाबरतो, त्या चोरीवरही खरा उपाय कुलूप नसून सोसायटीच्या हातातलीच एक गोष्ट आहे.

चोरीपासूनच सुरुवात करतो. मे महिन्यात आणि दिवाळीत वर्तमानपत्रांत येणाऱ्या घरफोडीच्या बातम्यांत एक वाक्य कायम असते: बंद घराचा कडीकोयंडा तोडून चोरट्यांनी आत प्रवेश केला. कुलूप तुटल्याचे क्वचित वाचायला मिळते. चांगले कुलूप पोलादी असते, पण ते ज्या कोयंड्यात अडकवलेले असते तो दोन-चार स्क्रूंवर लाकडी चौकटीला टेकलेला असतो, आणि आपल्या भागातल्या जुन्या इमारतींच्या चौकटी पंचवीस-तीस पावसाळे खाऊन भुसभुशीत झालेल्या आहेत. म्हणून हजार रुपयांचे कुलूप घेण्यापेक्षा लांब स्क्रू, दाराच्या आत बसणारे लॅच आणि बाहेरून लटकणारे कुलूप दिसणार नाही असा सेफ्टी डोअर यांवर केलेला खर्च अधिक उपयोगी आहे. पण हे सगळे केले तरी चोराची फक्त काही मिनिटे वाढतात. त्याला हवी असते ती खात्री, की या दारापाशी पुढचे कित्येक दिवस कोणी फिरकणार नाही. ही खात्री त्याला धूळ साचलेल्या पायपुसण्यावरून, दाराला खोचलेल्या जाहिरातींवरून, आठवडाभर पडून राहिलेल्या कुरिअरच्या पाकिटावरून मिळते. भारतीय न्याय संहितेत रात्रीच्या घरफोडीला दिवसाच्या घरफोडीपेक्षा कडक शिक्षा आहे, कारण रात्री माणसे झोपेत आणि असहाय असतात. सहा महिने बंद असलेल्या घराला मात्र चोवीस तास रात्रच असते.

याहून महत्त्वाची बाब चोरी झाल्यानंतरची आहे. सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण डीव्हीआरमध्ये कायम राहत नाही. जागा भरली की जुने पुसून नवे साठवले जाते, आणि आपल्याकडच्या साधारण यंत्रणेत ते पंधरा दिवस ते महिनाभर टिकते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोडलेले घर जुलैत मालक परतल्यावर उघडकीला आले, तर पोलिसांना दाखवायला काहीही उरलेले नसते. गुन्हा कोणत्या तारखेला झाला हेसुद्धा सांगता येत नाही. बाहेरून ओढून घेतलेले दार दोन महिने कोणालाच संशय येऊ देत नाही. यातून एक सरळ हिशेब निघतो: बंद घराची पाहणी चित्रण पुसले जाण्याच्या आत, म्हणजे किमान दर पंधरा दिवसांनी झाली पाहिजे. हे अंतर सवयीने किंवा सोयीने ठरवायचे नाही, आपल्या डीव्हीआरची क्षमता पाहून ठरवायचे आहे. ती किती दिवसांची आहे हे किती समित्यांना माहीत आहे? दागिने आणि मूळ कागदपत्रे घरात ठेवून जाऊ नयेत हे वेगळे सांगायला नको. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाल्यास लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत बँकेवर जबाबदारी येते. घरातल्या कपाटाची अशी जबाबदारी कोणीच घेत नाही.

आता पाणी. माझ्या मते कामोठ्यात बंद घरापासूनचा सर्वांत मोठा धोका हाच आहे आणि आपण त्याचा सर्वांत कमी विचार करतो. आपल्याकडे पाणी सिडकोकडून येते आणि इमारतीतही ते ठरलेल्या वेळीच सोडले जाते. उन्हाळ्यात कपात वाढते, टँकर मागवावे लागतात. अशा ठिकाणी एक प्रसंग घडणे जवळजवळ अटळ असते. निघण्याच्या गडबडीत कोणीतरी बेसिनचा नळ फिरवतो, पाणी येत नाही, नळ तसाच राहतो. दार बंद होते. संध्याकाळी टाकी भरते, पाणी सुटते आणि ते कोणी बंद करत नाही. बेसिनची जाळी केसांनी तुंबलेली असेल तर पाणी आधी त्या घरात पसरते आणि मग खालच्या घराच्या छतातून टपकू लागते. नळ उघडा राहिला नाही तरी फ्लशच्या टाकीतला फ्लोट अडकतो आणि पाणी आवाज न करता कमोडमध्ये वाहत राहते. बेसिनखालची लवचीक कनेक्शन पाइप काही वर्षांनी कडक होऊन फुटते. मिनिटाला अवघा एक लिटर पाणी वाहिले तरी दिवसाचे १,४४० लिटर होतात आणि दोन महिन्यांचे ८६,४०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेआठहून अधिक टँकर. ज्या सोसायटीने त्याच उन्हाळ्यात सर्व सभासदांकडून टँकरसाठी जादा वर्गणी काढली, तिचे पाणी तिच्याच एका बंद घरातून गटारात जाते, आणि पाण्याचे बिल सामाईक असल्यामुळे ते कुठून जाते हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावरचा उपाय साधा आहे: घर सोडताना मेन कॉक बंद करायचा. पण आपल्या इमारतींत ‘मेन कॉक’ ही एक वस्तू नसते. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांच्या वेगवेगळ्या उभ्या पाइप खाली येतात आणि प्रत्येक घराला दोन किंवा तीन ठिकाणांहून पाणी मिळते. त्या प्रत्येक फाट्यावर कॉक आहे का, असला तर तो डक्टमध्ये हात पोहोचेल अशा जागी आहे का, आणि हात पोहोचला तर गंजून न बसता फिरतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच घरांत ‘नाही’ अशी आहेत. सभासदाला एकट्याने यात फार काही करता येत नाही, कारण उभी पाइप सोसायटीची, डक्ट सोसायटीचा, आणि कॉक बदलायचा तर संपूर्ण रांगेचे पाणी बंद करावे लागते. जबाबदारी खासगी म्हणायची आणि ती पार पाडण्याचे साधन सामाईक ठेवायचे, ही विसंगती समितीखेरीज दुसरे कोणीही दूर करू शकत नाही.

पाणी वाहते तेव्हा त्रास, साचते तेव्हाही त्रास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अनुकूल हवेत अंड्यापासून डास होण्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने तग धरून पाणी मिळाल्यावर फुटतात. बंद घरात झाकण उघडे असलेला कमोड, फ्लशची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गॅलरीत विसरलेली बादली हे सगळे असते. हा डास फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचा वावर असतो. म्हणजे बंद घरातल्या बादलीतून निघालेला डास चावणार तो त्याच इमारतीतल्या मुलांना. पावसाळ्यात पनवेल महापालिकेचे आरोग्य कर्मचारी पाहणीला येतात तेव्हा उघड्या दारांतल्या माठ-बादल्या तपासल्या जातात आणि कुलूपबंद दारापाशी त्यांचे काम थांबते. याच्या नेमकी उलटी अडचण न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपची. तिथले पाणी काही आठवड्यांत सुकते, ड्रेनेजचा वास आणि झुरळे वर येतात आणि डक्टमधून सगळ्या मजल्यांवर फिरतात. तिथे पाणी ओतून वर चमचाभर तेल टाकले तर पाणी बरेच दिवस टिकते आणि डासही त्यावर अंडी घालू शकत नाहीत. कमोडचे झाकण बंद करावे, टाकी रिकामी करावी, कुंड्या एखाद्या उघड्या घरात किंवा गच्चीत द्याव्यात. ड्राय बाल्कनीला जाळी नसेल तर कबुतरे आठवड्यात घरटे करतात, आणि त्यांच्या विष्ठेची धूळ शेजारच्या खिडकीतून ज्याला दमा आहे त्याच्या छातीत जाते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी निघताना सामान उंचावर ठेवून जावे. २००५ च्या जुलैमध्ये गाढी नदीच्या पुराने पनवेलचे काय केले होते ते इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे, आणि कामोठे खाडीलगतच्या सखल जमिनीवरच उभे आहे.

वीज आणि गॅसबद्दल थोडक्यात. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किलकिले ठेवून मेन स्विच बंद करावा. पाइप गॅस असेल तर शेगडीजवळचा आणि मीटरजवळचा असे दोन्ही कॉक बंद करावेत. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर काढून टोपी लावावी. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो आणि वर जातो, सिलिंडरचा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, त्यामुळे हवा खेळती राहण्यासाठी वर आणि खाली अशा दोन्ही फटी हव्यात. महावितरणचे बिल युनिट शून्य असले तरी स्थिर आकारामुळे येतच राहते. ते थकले तर २००३ च्या वीज कायद्यानुसार पंधरा दिवसांची नोटीस देऊन जोडणी तोडता येते, आणि बंद दाराला चिकटवलेली नोटीस कोणी वाचत नाही. आगाऊ रक्कम भरून जाणे सोपे आहे.

ही यादी मी मुद्दाम एवढी लांबवली, कारण तिच्यातून एकच निष्कर्ष निघतो. बंद घर सुरक्षित राहते ते निघतानाच्या तयारीने आणि मधल्या काळातल्या पाहणीने. कुलूप या दोन्हींपैकी काहीच करत नाही. आपल्या लोकांना हे नवे नाही. कामोठ्यात राहणाऱ्या असंख्य कोकणी कुटुंबांचे गावचे घर वर्षातले दहा-अकरा महिने बंद असते. पण चाकरमानी गणपती आटोपून निघतो तेव्हा किल्ली भावबंदांकडे किंवा शेजारच्या वाडीत ठेवून निघतो. ते मधूनमधून दार उघडतात, केर काढतात, देवापुढे दिवाबत्ती करतात. मृगाआधी शाकारणी करून घेतात, वानरांनी सरकवलेली कौले बसवतात, पावसाच्या बाजूला झडी लावतात. कारण एक फुटके कौल एका पावसाळ्यात वासे-रिपा कुजवते आणि मागाहून वाळवी येते. दिवाबत्तीच्या निमित्ताने घराची नियमित तपासणी होते, आणि ती करणारा माणूस ठरलेला असतो. ज्या घरांना असा माणूस राहिला नाही, ती घरे वाडीवाडीत पडलेल्या छपरांनी ओळखू येतात. दुसरे टोक पाहा. कॅनडात हिवाळ्यात घर सोडून उष्ण प्रदेशात जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तिथल्या बऱ्याच गृहविमा पॉलिसींत अशी अट असते की थंडीत घर चार दिवसांहून अधिक रिकामे राहणार असेल तर कोणीतरी रोज जाऊन पाहावे, नाहीतर पाण्याचा पुरवठा बंद करून पाइप रिकाम्या कराव्यात. ही अट पाळली नाही तर गोठून फुटलेल्या पाइपची भरपाई मिळत नाही. ज्यांना नुकसानीचे पैसे स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात, ते विचारतात की पाणी बंद केले का आणि मध्ये कोण जाऊन आले. कोकणातली वाडी आणि कॅनडातली विमा कंपनी एकाच ठिकाणी पोहोचतात, कारण बंद घराचा स्वभाव सगळीकडे सारखाच आहे.

कामोठ्यात वाडी नाही. एका जिन्यावर साताऱ्याचे, जळगावचे, रत्नागिरीचे आणि उत्तरेकडचे लोक राहतात, आणि मे महिन्यात शेजारीही गावी गेलेला असतो. नात्याने जे काम गावात होते ते इथे नियमाने व्हावे लागेल, आणि नियम करण्याचे अधिकार असलेली संस्था आपल्याकडे आहे: ती म्हणजे आपली सोसायटी. म्हणून माझी मागणी अशी. जो सभासद तीस दिवसांहून अधिक काळ घर बंद ठेवणार आहे त्याने सचिवांकडे एकपानी नोंद द्यावी. तीत जाण्या-येण्याच्या अंदाजे तारखा, परदेशात चालू राहील असा संपर्क, आणि जवळपास राहणाऱ्या एका विश्वासातल्या माणसाचे नाव असावे, ज्याच्याकडे किल्ली आहे. पाणी, गॅस, वीज बंद केल्याची खूण असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, आणीबाणीत त्या माणसाच्या किंवा पोलिसांच्या समक्ष, दोन समिती सदस्यांनी, व्हिडिओ चित्रण करून आत जाण्याची आगाऊ लेखी संमती असावी. समितीने दर पंधरा दिवसांनी बाहेरून पाहणी करावी: कडीकोयंडा, खिडक्या, खालच्या घराचे छत, डक्ट. दारातली पाकिटे त्या वेळी उचलली जावीत. आतली पाहणी किल्ली असलेल्या माणसाने महिन्यातून एकदा करून सचिवांना कळवावे. सुट्ट्यांच्या आधी पोलिस गावी जाणाऱ्यांना कळवण्याचे आवाहन करतात. म्हणून संबंधित घरांची माहिती सभासदाच्या संमतीने कामोठे पोलिस ठाण्याला एकत्रच द्यावी.

यावर पहिला आक्षेप येईल तो गंभीर आहे: बंद घरांची यादी म्हणजे चोरासाठी नकाशा. मी तो हलका मानत नाही. यादी वॉचमनच्या टेबलावरच्या वहीत, सूचना फलकावर किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली तर हा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. पण आज काय स्थिती आहे तेही पाहावे. घर बंद असल्याचे दूधवाल्याला, पेपरवाल्याला, कचरा नेणाऱ्याला, गाडी धुणाऱ्याला, कुरिअरवाल्याला कळतेच. आणि गावच्या जत्रेचे फोटो स्टेटसवर टाकून सभासद स्वतःही जगाला कळवतो. माहीत नसते ते फक्त समितीला, म्हणजे ज्यांना उपयोग आहे त्यांनाच. नोंद सचिव आणि अध्यक्ष या दोघांपुरती ठेवावी, बंद लिफाफ्यात, आणि सभासद परतला की ती नष्ट करावी. पाहणी करणाऱ्याने बंद घरापुरतेच न थांबता प्रत्येक मजल्यावर फिरावे, म्हणजे कोणते घर पाहिले जात आहे हे बघणाऱ्याला समजणार नाही.

दुसरा आक्षेप समिती सदस्यांचाच असेल: आम्ही नोकऱ्या सांभाळून विनामोबदला काम करतो, उद्या त्या घरातून काही गेले तर आमच्यावर संशय. ही भीती रास्त आहे. म्हणूनच किल्ली सोसायटीने घेऊ नये. किल्ली सभासदाने निवडलेल्या माणसाकडे, आणि समितीकडे फक्त त्या माणसाचे नाव. कामाच्या ओझ्याबद्दल बोलायचे तर आजची पद्धत अधिक वेळ खाते. छतातून पाणी टपकू लागले की खालचा सभासद रात्री अकराला सचिवांचे दार वाजवतो. वरच्याचा फोन लागत नाही, प्लंबर गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून सगळ्या रांगेचे पाणी तोडतो, आणि कुलूप तोडायचे की नाही यावर जिन्यात वाद होतो. आदर्श उपविधींनुसार दुरुस्तीची गरज पाहण्यासाठी समितीला पूर्वसूचना देऊन सदनिकेत जाता येते. पण सूचना घेणारा माणूस सातासमुद्रापार असेल आणि त्याचा इथला नंबर बंद असेल तर हा अधिकार कागदावरच राहतो. आगाऊ संमतीचा एक कागद ही सगळी रात्र वाचवतो.

काही जण म्हणतील की हे सगळे कॅमेऱ्याने होते, मोबाइलवर घर दिसते. कॅमेरा उपयोगी आहे, पण त्याला वीज आणि वायफाय लागते, आणि आपण मेन स्विच बंद करा म्हणतो आहोत. शिवाय कॅमेरा नळ बंद करत नाही. न्यू जर्सीत बसून आपल्या हॉलमध्ये पाणी पसरताना पाहणाऱ्या माणसाला शेवटी इथल्याच कोणाला तरी फोन करावा लागतो, आणि तो कोणाला करायचा हे आधी ठरलेले असेल तरच त्या चित्राचा उपयोग. विम्याबद्दलही असेच. १ एप्रिल २०२१ पासूनची ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे, घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. घर सलग किती दिवस रिकामे ठेवता येते याची अट आपल्या पॉलिसीत आहे का, तेही निघण्याआधी वाचून घ्यावे.

एक शंका सभासदांच्या मनात येईल आणि तिचे निरसन समितीनेच आधी करावे. घर बंद असल्याची लेखी नोंद दिली तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, लावेल का? नाही. हे शुल्क घर भाड्याने दिलेले असताना लागते आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार त्याची मर्यादा सेवा शुल्काच्या दहा टक्के आहे. कुलूपबंद घराला ते लागू होत नाही. समितीने हे नोंदीच्या कागदावरच छापावे, नाहीतर भीतीपोटी कोणी खरी माहिती देणार नाही. पाहणीसाठी नाममात्र आकार घ्यायचा झाला तर तो सर्वसाधारण सभेने ठरवावा आणि प्लंबरच्या मजुरीपुरताच असावा.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ मध्ये स्वतंत्र प्रकरण आले, तेव्हापासून आपल्या संस्थांचे प्रश्न वेगळे आहेत हे कायद्यानेही स्वीकारले आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. त्या सभेत ठराव झाला तर पुढच्या एप्रिलपर्यंत सहा महिने हातात राहतात. बंद पडलेले कॉक बदलायला, डक्टची दारे नीट करायला, नोंदीचा कागद छापायला आणि डीव्हीआरची साठवण वाढवायला ते पुरेसे आहेत. यंदाच्या सभेत हा विषय ‘ऐनवेळच्या विषयां’त न ढकलता विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांकाने घ्यावा. आणि सभेआधी एका प्लंबरला दोन दिवस बोलावून कोणत्या सदनिकेत किती कॉक आहेत आणि त्यांतले किती फिरतात याची इमारतवार यादी करून ती सभेपुढे ठेवावी, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
कामोठ्यातील एक सभासद